पूजेतला पंप

माझं लहानपण आणि तरुणपण घासलेटच्या वासात गेलं. आमचं गॅरेज शिरूरला, घोड नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्या, आणि मधल्या अंगणात कडुनिंबाखाली पोट उघडून पडलेली इंजिनं. मूळचे आम्ही मांडवगण फराट्याचे. तिथं रान होतं, पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मातीपेक्षा लोखंडाची ओढ जास्त. वाटणीला आलेलं रान त्यांनी धाकट्या भावाला कसायला दिलं आणि पेटीभर पाने-पकडी घेऊन शिरूरला आले. त्या काळी विहिरींवर घासलेटवर चालणारी इंजिनं असत. त्यांचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, बिघडला की शेतकरी तो धोतराच्या सोग्यात बांधून आबांकडं येत. आबा तो मांडीवर घेऊन चार ठिकाणी घासत, पुसत, तार गुंडाळत, आणि शेवटी गिऱ्हाइकाला म्हणत, "पाव्हणं, जरा एवढी तार धरा बरं." पाहुण्यानं तार धरली की आबा बोटानं मॅग्नेटो गर्रकन फिरवत. पाहुणा हातभर उडे. "लागला न्हवं? म्हंजी झाला दुरुस्त," आबा म्हणत. पुन्हा येणारे शहाणे होत आणि सोबत आणलेल्या नवख्याला पुढं करत.

आईचा दिवस या सगळ्याच्या मधून जायचा. चुलीवर हुलग्याचे शेंगोळे रटरटत असले तरी अंगणातून हाक आली की ती हात पुसून रबरी नळी धरायला जाई. तिच्या भाकरीला ग्रीसचा वास येतो असं मी एकदा म्हणालो, तर ती म्हणाली, "येनारच. तुझ्या बापाच्या हाताचाबी येतो, त्याला न्हाई कधी नाव ठेवलंस." आज ती नाही, आबाही नाहीत. त्यांच्याबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात आबा वाईट दिसतील अशी भीती वाटते. ते वाईट नव्हते. वाईट कोण होतं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी फक्त घडलं तसं सांगतो.

यशवंत आमच्याकडं पहिल्यांदा आला तो उसाच्या रिकाम्या ट्रकमधून. पाटसहून निघालेल्या ट्रकच्या हौद्यात दोरखंडानं बांधलेली एक विचित्र मोटारसायकल होती आणि तिला मिठी मारून हा उभा. वय माझ्याएवढंच, विशीच्या आत-बाहेर. अंगानं काटक, डोक्याला वडिलांची रेल्वेची निळी टोपी. त्याचे वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. ते ज्या गोऱ्या ड्रायव्हरसाहेबाच्या इंजिनात कोळसा मारत, तो साहेब बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला तेव्हा ही जुनी इंग्लिश गाडी त्यानं यशवंतच्या हवाली केली. साहेबानं यशवंतला नुसती गाडी दिली नव्हती, ती चालवायची रीतही दिली होती. पण गाडीची ठिणगी गेली होती, आणि दौंडात त्याला कोणीतरी सांगितलं होतं की शिरूरचे आबा मेलेला मॅग्नेटो उठवतात.

"आबा, जय भीम," तो म्हणाला. "ही सुरू होईल का?"

आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढचं चाक मोठं, सीट तळहाताएवढी, धुराडं वर उचललेलं, पाय ठेवायचे दांडे नेहमीपेक्षा उंच. "हिच्यावर बसायचं कुठं रं?" त्यांनी विचारलं.

"बसायचं न्हाई आबा. उभं राहूनच चालवायची."

"मग गाडी कशाला पायजे? चालत जायचं."

यशवंत हसला. आबांनीही मिशीतून हसून मॅग्नेटो सोडवायला घेतला. त्या दिवसापासून यशवंत सवड मिळेल तसा शिरूरला येऊ लागला, आणि मला पहिला खरा मित्र मिळाला.

ती गाडी पळवण्याची नव्हती. ती हळू चालवण्याची होती. खडकांवरून, ओढ्यातून, झाडाच्या मुळांवरून, माणूस चालेल त्याहूनही हळू. आणि सगळ्यात मोठा नियम असा की पाय जमिनीला टेकायचा नाही. टेकला की गुण गेला. पुण्याकडच्या डोंगरात हौशी लोकांचे असे सामने होत. आम्हाला सामना माहीत नव्हता, पण घोडच्या पात्रातले काळे खडक माहीत होते. पावसाळा सरला की तिथं पाणी पायाच्या घोट्याएवढं उरे आणि शेवाळलेले दगड उघडे पडत. यशवंत दांड्यांवर उभा राही, गुडघे थोडे वाकलेले, क्लच दोन बोटांत, आणि गाडी दगडावर असं चढवी की जणू ती वास घेत घेत चढते आहे. मी बाजूनं चालत असे आणि त्याचा बूट जरा जरी घसरला तर ओरडे, "टेकला." तो म्हणे, "दगडाला लागला. जमिनीला न्हाई." आम्ही त्यावर भांडत असू, आणि कपडे धुणाऱ्या बायका आम्हाला वेड्यात काढत. मग माझी पाळी येई. मी बहुतेक वेळा पाण्यात पडे.

गाडी आमच्याच शेडमध्ये राही आणि तिची देखभाल माझ्याकडं होती. पाण्यात जायचं म्हणून मॅग्नेटोच्या तोंडाला ग्रीस लावून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची. क्लचची केबल काढून उभी टांगायची, तिच्या वरच्या टोकाला कागदाचं नरसाळं करून तेल सोडायचं आणि ते झिरपत खाली येईपर्यंत वाट बघायची. साखळी घासलेटमध्ये धुवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं टायर. दगड धरायचा तर टायर मऊ पाहिजे, म्हणून नदीत उतरण्याआधी व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून हवा सोडायची, अंगठा दाबला की टायर आत गेला पाहिजे इतकी. नदीतून वर आलो की पायपंपानं परत हवा भरायची. कारण मऊ टायर दगडावर देव आणि डांबरी रस्त्यावर काळ. वेगात तो रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. असं होऊ नये म्हणून रिमला टायर चिमटून धरणारा एक बोल्ट असतो. आमच्या गाडीचा मागचा बोल्ट तुटलेला होता आणि तसला शिरूरमध्ये मिळत नव्हता. हे मला माहीत होतं. यशवंतपेक्षा मला जास्त माहीत होतं.

माझा नातू ओंकार आता हाच खेळ खेळतो. त्याची गाडी बाहेरच्या देशातली, सायकलसारखी हलकी, तिला सीटच नाही. हवा मोजायला त्याच्याकडं खिशातलं यंत्र आहे आणि भरायला मोबाईलएवढा पंप, बटण दाबलं की घरघरतो. तो पंप गाडीखाली घरघरायला लागला की मी उठून आत जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला आवाज सोसत नाही.

पंपाचं सांगतो आहे तर कपाचंही सांगितलं पाहिजे. यशवंत आमच्याकडं जेवे, पण अंगणात जेवे. त्याचा चहाचा कप शेडमधल्या फळीवर वेगळा असे, दांडी तुटलेला. तो कप त्याचा, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आई त्यातच चहा ओती, तो पिऊन स्वतः धुऊन ठेवी. आई त्याच्या ताटात भाकरी माझ्याहून जास्त वाढे हेही खरं. मला दोन्ही गोष्टी तेव्हा दिसत होत्या आणि दोन्हींत काही वावगं वाटत नव्हतं.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी बातमी आली की पुण्याकडच्या सामन्याला मोटारसायकल बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं येणार आहेत. नव्या गाड्या खराब रस्त्यांवर चालवून बघायला त्यांना चालवणारे पाहिजे होते. सामन्यात जो उठून दिसेल त्याला कायमची नोकरी. सामना दसऱ्याच्या नंतर लगेच होता. यशवंतच्या वडिलांनी गाडी दौंडहून पुण्याला रेल्वेच्या लगेज डब्यातून न्यायची सोय केली होती आणि ती दसऱ्याच्या संध्याकाळीच चढवायची होती. शिवाय दसऱ्याला दौंडच्या त्यांच्या विहारात कार्यक्रम असे. सरावासाठी तो नवरात्रभर आमच्याकडंच होता; त्या दिवशी तरी घरी ये, असा त्याच्या आईचा निरोप होता. म्हणजे दसऱ्याला दुपारपर्यंत त्याला गाडी घेऊन शिरूर सोडायचं होतं. "नोकरी लागली की आईला पहिल्यांदा विमान दाखवीन," तो म्हणे. "बसवीन न्हाई, दाखवीन. बसवायला पगार वाढायला पायजे."

आता आमच्या दसऱ्याविषयी. आमच्याकडं हत्यारांची पूजा दसऱ्याच्या सकाळी होई. आदल्या संध्याकाळी प्रत्येक पाना, हातोडी, पक्कड घासलेटनं धुऊन आबा पांढऱ्या कापडावर मांडत. सकाळी त्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, घटातल्या धानाचे तुरे, नारळ. पूजा झाली की संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत त्यातलं एकही हत्यार उचलायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. गावातला सुतार, लोहार, शिंपी, सगळे हे पाळत. आबा जास्तच पाळत. त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीला वरचं पेर नव्हतं. तरुणपणी दसऱ्याच्या दिवशी एका अडलेल्या पाहुण्यासाठी त्यांनी पूजेतली छिन्नी उचलली होती आणि तिनंच ते पेर नेलं होतं. ते म्हणत, "देवीनं थोडक्यात सोडलं."

दसऱ्याच्या पहाटे आम्ही शेवटचा सराव करायला नदीत उतरलो. "पूजेच्या आत माघारी या," आबांनी बजावलं होतं. यशवंतनं त्या सकाळी अशी गाडी चालवली की मी "टेकला" म्हणायची संधी शोधत राहिलो आणि मिळाली नाही. ऊन वर आलं तसा तो म्हणाला, "चल, हवा भरायची हाय." मी म्हणालो, "एकदा मला दे." तो मुकाट्यानं उतरला. मी पडलो. म्हणालो, "अजून एकदा." त्या अजून एकदामध्ये आणखी काही वेळा गेल्या. उद्यापासून गाडी नसणार होती, आणि मला एकदा तरी तो मोठा खडक पाय न टेकता चढायचा होता. शेवटी चढलो. यशवंतनं मला गाडीसकट मिठी मारली. असं सुख मला नंतर क्वचित मिळालं.

आम्ही अंगणात आलो तेव्हा आरती संपत होती. पांढऱ्या कापडावर पाने ओळीनं मांडलेले, आणि ओळीच्या शेवटी पायपंप, त्याच्या नळीला झेंडूचा हार, दांड्यावर कुंकवाची बोटं. आबांनी यशवंतच्या गाडीलाही हार घातला, आईनं तिच्या पुढच्या दिव्याला हळदकुंकू लावलं. मागच्या चाकाखाली लिंबू ठेवून आबा म्हणाले, "चल, फोड." यशवंतनं गाडी पुढं घेतली. टायर इतका मऊ होता की लिंबू फुटलंच नाही, नुसतं त्यात रुतलं आणि पलीकडून आख्खं बाहेर आलं. सगळे हसले. मीही हसलो.

"आबा, तेवढी हवा भरून घेतो," यशवंत म्हणाला.

"कशानं?"

"पंपानं."

"त्यो पूजेत हाय."

"नुसता पंप, आबा. हत्यार न्हाई."

"माझ्या पोटाला देतंय त्ये हत्यार. संध्याकाळी सोनं लुटून आलो की मी सोता भरून देतो."

"संध्याकाळी गाडी दौंडाच्या फलाटावर पायजे."

"मग गावात बघ की. शिरूर काय उजाड पडलंय का?"

आम्ही शिरूर पालथं घातलं. त्या दिवशी गावातला प्रत्येक पंप पूजेला बसला होता. सायकलवाल्याच्या दुकानात पंपापुढं समई होती. नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडं मोठ्या आशेनं गेलो. त्यांच्या पंपालाही हार. "गिऱ्हाईक लोगांनीच घातला सकाळी," चाचा कळवळून म्हणाले. "मी काढला तर उद्या कोण येईल माझ्याकडं? रात को आ, बेटा." पेट्रोल पंपावरची हवेची मशीन फुलांनी झाकलेली आणि तिचा माणूस गावाला गेलेला. यशवंत सुरुवातीला चेष्टा करत होता, नंतर सारखा वर उन्हाकडं बघू लागला.

परत आलो तर आबा न्हाणीत हातपाय धूत होते. आई चुलीपुढं पुरण वाटत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. आम्ही दोघं कापडापुढं उभे राहिलो. यशवंत हळूच म्हणाला, "सुद्या, तू उचल."

मी म्हणालो, "तूच उचल ना. तू कुठं मानतोस."

"मी मानत न्हाई म्हणूनच तू उचल. मी हात लावला तर उद्या आमच्या वस्तीपर्यंत बोंब येईल. तू उचललास तर काय, आबा दोन शिव्या देतील."

तो म्हणत होता ते अक्षरशः खरं होतं. मी वाकलो. माझा हात पंपाच्या दांड्यापर्यंत गेला, कुंकवाला बोट लागलंसुद्धा. तेवढ्यात न्हाणीतून आबा खाकरले. त्यांना काही दिसत नव्हतं, ते नेहमीच खाकरत. माझा हात मागं आला. मी पुन्हा वाकायला बघितलं, पण पाठ वाकेना. आबांचं तुटलेलं पेर, आईच्या बांगड्या, देवी, काय काय माझ्या अंगावर बसलं होतं मला सांगता येत नाही. यशवंतनं माझ्याकडं बघितलं आणि गाडीला किक मारली.

"हळू जा," मी म्हणालो.

"हळू जायचंच तर शिकलोय," तो म्हणाला आणि दौंडकडं जाणाऱ्या न्हावऱ्याच्या रस्त्याला लागला.

गाडीचा आवाज गेला तसं मला सुचेनासं झालं. आणि मग, जे मघाशी झालं नाही ते झालं. मी पंप उचलला. हार तुटला, कुंकू कापडावर सांडलं, मी बघितलं नाही. सायकलच्या कॅरिअरला पंप बांधला आणि त्याच्या मागं निघालो. तो हळू जाणार, वाटेत कुठंतरी थांबणार, मी गाठणार, हवा भरणार. सायकल मारताना मी हेच पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

न्हावऱ्याच्या अलीकडं एक उतार आहे, खाली ओढ्याची मोरी. तिथं माणसं जमली होती. मागचा टायर रिमवरून निघून गाडीत अडकला होता, व्हॉल्व्ह मुळातून उपटलेला. यशवंत मोरीच्या कठड्याला टेकून बसला होता आणि त्याचा उजवा गुडघा भलत्याच बाजूला वळला होता. त्यानं मला येताना बघितलं. माझ्या कॅरिअरवरचा पंपही बघितला. मी सायकल टाकून त्याच्याकडं धावलो तेव्हा पंप सुटून गाडीपाशी जाऊन पडला, कुंकू लागलेला, नळीला तुटक्या हाराचा दोरा लोंबत असलेला. त्याला दौंडला न्यायला एसटी थांबवली, माणसांनी उचलून आत ठेवलं. मी त्याचं डोकं धरून सोबत गेलो. जमलेली माणसं परगावची, त्यांचं लक्ष मोडलेल्या पायाकडं; पंप कुणी आणला ते कुणी बघितलं नाही. मागं उतारावर गाडी आणि पंप राहिले. ते संध्याकाळी आबांनी बैलगाडीतून घरी आणले.

गावानं जे बघितलं ते असं: आबांच्या पूजेतला पंप नाहीसा झाला, कुंकू पायदळी आलं, आणि तोच पंप अपघातात मोडलेल्या यशवंतशेजारी सापडला. अर्थ लावायला कुणाला वेळ लागला नाही. त्यानं पूजा विस्कटून पंप पळवला, देवीनं उतारावर गाठलं. पंप जवळ असता तर टायर मऊ कशाला राहिला असता, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. आली असेल तर तो बोलला नाही. जसा मी बोललो नाही.

काही दिवसांनी आबा मला घेऊन दौंडच्या दवाखान्यात गेले. सोबत मोसंबी होती. यशवंतचा पाय कमरेपासून प्लास्टरमध्ये. पुण्याचा सामना होऊन गेला होता. त्याची आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. आबा तिच्याशी दोन शब्द बोलले, मग यशवंतच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं ते झालं, पोरा. पूजेतलं उचललंस, पण मी मनात ठेवलं न्हाई. देवीबी न्हाई ठेवायची."

"आबा, मी न्हाई उचलला," यशवंत म्हणाला.

"बरं बरं," आबा म्हणाले, तापातल्या पोराला म्हणावं तसं.

"खरंच न्हाई. सुद्याला विचारा."

आबा माझ्याकडं वळले. त्याची आईही वळली. आबांच्या नजरेत राग नव्हता. मी एक शब्द बोललो असतो तर ते मला तिथंच दोन लगावून मोकळे झाले असते आणि सगळं तिथं संपलं असतं. हे मला आता कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण त्याच्या आईसमोर, त्या मोडलेल्या पायासमोर, पंप उचलला मी आणि तोही उशिरा, हे मला म्हणवेना. उचलायचा तेव्हा उचलला नाही हे कळेल, याची लाज उचलल्याच्या लाजेपेक्षा मोठी होती. मी म्हणालो, "मला न्हाई ठावं. मी नव्हतो तिथं."

यशवंतनं डोळे मिटले. त्याची आई मोसंबी परत पिशवीत भरायला लागली.

पुढं तो आमच्याकडं आला नाही. गुडघा कायमचा ताठ राहिला, म्हणजे दांड्यांवर उभं राहून गुडघे वाकवणं संपलं. वडिलांच्या जागी त्याला रेल्वेत पार्सलच्या खिडकीवर काम मिळालं, हे मी दौंडहून येणाऱ्यांकडून ऐकलं. इकडं आबा दर दसऱ्याला नव्या पोरांना पंपाची गोष्ट सांगत. पाने मांडून झाले की म्हणत, "आता हात लावायचा न्हाई. एकदा एकानं लावला व्हता." आबा गेल्यावर गॅरेज माझ्याकडं आलं आणि गोष्टही आली. मी ती स्वतःहून कधी सांगितली नाही. पण कुणी सांगितली तर अडवलीही नाही. ती वाढत गेली. आधी त्यानं पंप उचलला, मग पूजेला लाथ मारली, मग घट फोडला. मी पाना फिरवत ऐकत राही. बायको होती तोवर एकदा तिला सांगावं असं फार वाटलं. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "पाठ दुखतेय."

गेल्या दसऱ्याला ओंकारनं गॅरेजच्या पूजेचा व्हिडिओ काढला. त्याची परदेशी गाडी मधोमध, तिला हार, आणि आबांच्या त्या जुन्या पंपाकडं बोट दाखवत त्यानं मोबाईलपुढं सगळी गोष्ट सांगितली, लाथेसकट. मी मागं खुर्चीत बसलेलो त्यात दिसतो. हजारो लोकांनी बघितला म्हणून तो मला दाखवायला आला. मी त्याला तिथंच खरं सांगितलं. त्यानं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "आजोबा, मी काढून टाकतो. पण लोकांनी घेतलाय तो पुढं गेलाय. तो आता माझ्या हातात नाही." थोड्या वेळानं विचारलं, "ते आहेत का अजून?"

ते आहेत. ओंकारनंच मला दौंडला नेलं आणि तो खाली गाडीपाशी थांबला. लाइनीपलीकडच्या वस्तीत पक्कं घर, दारात तुळतुळीत फरशी. यशवंत खुर्चीत बसला होता, ताठ पाय समोर स्टुलावर. मला त्यानं ओळखलं, पण तसं काही म्हणाला नाही. त्याची कॉलेजात जाणारी नात प्रज्ञा पाणी घेऊन आली. मी शिरूरचा म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्हीच का? ज्यांच्या पूजेतला पंप आमच्या आजोबांनी उचलला? तुमचा व्हिडिओ आम्ही सगळ्या ग्रुपवर टाकला. खाली किती जणांनी जय भीम लिहिलंय बघा. त्या काळात असं कोण करत होतं? आजोबा तर स्वतः कधी मिरवत पण नाहीत."

मी यशवंतकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. इतक्या वर्षांचं ओझं घेऊन आलो होतो, मला ते पुढं नेववेना. मी म्हणालो, "बाळ, यानं नव्हता उचलला. मी उचलला होता. हा गेल्यावर."

ती आजोबांकडं वळली. तो म्हणाला, "जा, चहा ठेव." ती गेली, पण स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला नाही.

"आलास ते आलास," यशवंत म्हणाला, "पोरीसमोर कशाला बोललास?"

"खरं सांगायला आलो होतो."

"मग तवा यायचं होतं." त्यानं ताठ पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर नीट ठेवला. "लय वर्षं मी सांगत फिरलो, मी न्हाई उचलला. तुमच्यातल्यांना खोटं वाटायचं. आमच्यातल्यांना वाटायचं, भ्यालाय म्हणून न्हाई म्हणतोय. एकदा कटाळून बोललो, व्हय, उचलला, काय म्हणणं हाय? तवा पोरांनी पाठीवर थाप मारली. पाय मोडल्यापास्नं पहिली थाप ती. तिच्यावर जगलो मी. आता तू ती पण काढून न्यायला आलास."

मी हात जोडले. त्यानं ते बघून न बघितल्यासारखं केलं. मी म्हणालो, "यशवंता, मग मी काय करू? गप्प बसू?"

"गप बसायची तुला सवय हाय."

"न्हाई. मी लिहून काढणार आहे सगळं. तू नको म्हणालास तर न्हाई लिहीत."

बाहेरून मालगाडी गेली, तिचे डबे संपेचनात. गाडी पुढं गेल्यावर त्यानं आतल्या दाराकडं एकदा बघितलं. प्रज्ञा दारात उभी होती, रिकाम्या हातांनी.

"लिही," तो म्हणाला. "पण मी न्हाई उचलला, एवढ्यावर सोडू नको. आबा न्हाणीत होते, तुझी आई चुलीपुढं, आन् पंप माझ्या पायाशी होता. मी तुझ्या तोंडाकडं बघत बसलो. मीच उचलायला पायजे होता, ते पण लिही."